शटडाऊन केलं तरी पंखा फिरतोच: मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासायचं

खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: गावात झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. विंडोज १० घातलेला असेंबल केलेला डेस्कटॉप. संध्याकाळी शटडाऊन केलं की स्क्रीन काळी होते, पण आतले पंखे आणि समोरचा दिवा चालूच राहतो. पॉवर बटण दाबून धरलं की बंद होतो. पावसाळा लागल्यापासून हे रोजचंच झालंय. बेळगावात एके ठिकाणी दाखवला तर ‘मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल’ म्हणाले. खरंच बदलावा लागेल का?

माझ्या मते बहुतेक नाही. निदान आत्ता तरी एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्याच प्रश्नात एक वाक्य आहे, ‘बटण दाबून धरलं की बंद होतो’, आणि निम्मा तपास त्यातच झालेला आहे. तो कसा, हे कळायला एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) आणि बोर्ड यांच्यात काय चालतं ते आधी बघू.

भिंतीवरचं बटण चालू केलं की एसएमपीएसमधून एक बारीकसा प्रवाह बोर्डाला कायम मिळत असतो. तो ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय, जांभळ्या वायरमधला. कॉम्प्युटर बंद असताना माउसखाली लाल दिवा दिसतो, लॅनच्या पोर्टवर हिरवं टिमटिमतं, बोर्डावर एखादा एलईडी जळतो, ते सगळं याच्यावर. तो दोष नव्हे. पण डब्यातल्या पंख्याला लागतात १२ व्होल्ट, आणि १२ व्होल्ट एसएमपीएस पूर्ण चालू झाल्याशिवाय येत नाहीत. म्हणजे पंखा फिरतोय याचा अर्थ एकच, मशीन बंद झालेलंच नाही. फक्त स्क्रीन गेली आहे.

एसएमपीएसला चालू-बंद कोण करतं? २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर, सोळाव्या नंबरची पिन. बोर्ड ही वायर ग्राउंडला खेचून धरतो तोपर्यंत एसएमपीएस चालू. बोर्डाने सोडली की बंद. तुम्ही शटडाऊन केलं की विंडोज आधी प्रोग्रॅम आणि सर्व्हिसेस मिटवतं, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतं, प्रिंटर-ग्राफिक्ससारखे भाग चालवणाऱ्या ड्रायव्हरना निरोप देतं आणि शेवटी चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपला, सांगतं, आता सोड. मग चिपसेट हिरवी वायर सोडतो. १९९५ साली एटीएक्स पद्धत आली तेव्हापासून हे असं आहे. त्याआधीच्या डब्यांना खटका असायचा, ‘आता बंद केलं तरी चालेल’ असं पडद्यावर आलं की आपण हाताने बंद करायचं. जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्यांना आठवत असेल.

आता तुमचं बटण. ते चारेक सेकंद दाबून धरलं की चिपसेट विंडोजला विचारत बसत नाही, थेट हिरवी वायर सोडून देतो. तुमचं मशीन त्यावर बंद होतंय, म्हणजे चिपसेट वायर सोडू शकतो आणि एसएमपीएस ते ऐकतो. बोर्डाचा बंद करण्याचा भाग आणि एसएमपीएस दोन्ही कामात आहेत. अडकलंय ते त्याच्या आधी: विंडोजकडून निरोप निघतच नाही, किंवा निघून वाटेत कुठल्यातरी ड्रायव्हरपाशी थांबतो. बटण दाबून धरूनही पंखा थांबत नसता तर मी बोर्ड-एसएमपीएसकडे आधी पाहिलं असतं. त्या लोकांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

खात्री करून घ्यायला अजून एक चाचणी करा. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या, स्क्रीनवर जा. तिथे विंडोज नसतंच. तिथून पॉवर बटण एकदाच, हलकेच दाबा. बहुतेक बोर्डांवर मशीन तत्काळ बंद होतं. तसं झालं आणि पंखा थांबला, तर बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला हे प्रत्यक्ष करून दाखवा. उबंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा) लाइव्ह पेनड्राइव्ह कोणाकडे मिळाला तर त्यावरून चालू करून पॉवर ऑफ करून बघा, तोही चांगला पुरावा आहे. फक्त टर्मिनलवरून करणार असाल तर ‘हॉल्ट’ ही आज्ञा देऊ नका. ती सिस्टीम थांबवते, पण वीज तोडेलच असं नाही, आणि मग फिरता पंखा बघून तुम्ही उगाच हार्डवेअरच्या मागे लागाल. ‘पॉवरऑफ’ द्या.

आता विंडोज. पहिला संशयित फास्ट स्टार्टअप. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही सोय आली आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालूच असते. तुम्ही शटडाऊन म्हणता तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. यात प्रत्येक ड्रायव्हरला नीट झोपी जावं लागतं. एखादा जुना प्रिंटरचा नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडून बसला की स्क्रीन काळी आणि पंखा चालू, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. रीस्टार्टमध्ये मात्र हे उतरवून ठेवणं होत नाही. म्हणून ‘रीस्टार्ट नीट होतं, शटडाऊनच होत नाही’ असं कोणी म्हणालं की माझं बोट आधी इकडे जातं.

तपासणं अगदी सोपं आहे. कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि तशीच धरून स्टार्ट मेनूतून शटडाऊनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं पूर्ण शटडाऊन होतं. पंखा थांबला तर चोर सापडला. मग कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूचं ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, त्यात वरचं ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दाबा, खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. त्याच पानावर ‘व्हेन आय प्रेस द पॉवर बटन’ समोर ‘स्लीप’ तर नाही ना, तेही बघून घ्या. दुकानातला पोरगा बटण दाबून घरी जातो आणि मशीन रात्रभर झोपेत राहतं, अशी तक्रार वेगळी, पण कानाला सारखीच वाटते. फास्ट स्टार्टअप बंद ठेवल्याने नुकसान काही नाही. एसएसडी असेल तर फरक जाणवणारही नाही, जुनी हार्ड डिस्क असेल तर सकाळी थोडं जास्त थांबावं लागेल. रोज लाईट जाण्या-येण्याच्या भागात मी ही सोय बंदच ठेवायला सांगतो.

शिफ्ट धरूनही पंखा थांबला नाही तर यूएसबीकडे वळा. तुमच्यासारख्या दुकानात मागे वायरींचं जाळं असतं: श्रीलिपीचा डोंगल, ऑल-इन-वन प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह घालायला हब. आपल्याकडे एकाच मशीनवर मराठी पत्रिकेसाठी श्रीलिपी आणि कन्नड अर्जांसाठी नुडी, शिवाय आधारच्या अंगठ्याची आरडी सर्व्हिस, दोन-तीन प्रिंटरचे ड्रायव्हर, आणि कधीतरी विकून टाकलेल्या प्रिंटरचाही ड्रायव्हर तसाच पडून असतो. कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं काढा आणि शटडाऊन करा. थांबला तर एकेक जोडत जा, दर वेळी शटडाऊन करून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण दोषी नेमका हाती लागतो. स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबकडे विशेष लक्ष द्या. स्वस्तातले काही हब उलट दिशेने कॉम्प्युटरलाच वीज पुरवतात आणि बोर्ड धड बंद होत नाही. जो ड्रायव्हर दोषी निघेल तो डिव्हाइस मॅनेजरमधून काढून कंपनीच्या संकेतस्थळावरचा नवा घाला. वापरात नसलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर तसेही काढून टाका.

इंटेलचा बोर्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टीम डिव्हाइसेसखाली ‘मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस’ नावाची नोंद दिसेल. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा याच ड्रायव्हरच्या ११ व्या आवृत्तीमुळे बऱ्याच लॅपटॉपवर स्क्रीन बंद पण दिवा-पंखा चालू अशी तक्रार आली होती, आणि जुनी आवृत्ती परत घातल्यावर ती जायची. तुमचं मशीन त्या काळातलं असेल तर ही नोंद तात्पुरती डिसेबल करून एकदा शटडाऊन करा. फरक पडला तर बोर्डाच्या कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी दिलेलीच आवृत्ती घाला. कुठल्यातरी ‘ड्रायव्हर अपडेटर’ प्रोग्रॅमच्या नादी लागू नका, अशा प्रोग्रॅमनी घातलेले चुकीचे ड्रायव्हर काढण्यात माझा बराच वेळ जातो.

याही पुढे जायचं झालं तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. फास्ट स्टार्टअप बंद केल्यानंतरचीच नोंद बघा, आधीची फसवते. १०७४ म्हणजे शटडाऊन कोणी मागितलं. ६००६ म्हणजे लॉगची सर्व्हिस नीट मिटली. दोन्ही आहेत आणि तरी पंखा फिरत होता, तर विंडोजने बरंचसं काम उरकलं होतं, अगदी शेवटच्या पायरीवर ड्रायव्हर किंवा बायोसपाशी गाडी अडली. १०७४ आहे पण ६००६ नाही, तर एखादी सर्व्हिस मिटायला तयार नाही. दुसऱ्या दिवशीच्या ४१ आणि ६००८ या नोंदी म्हणजे आदल्या रात्री मशीन नीट बंद न होता वीज तुटली. त्या तुमच्याकडे ढिगाने असणार, कारण रोज बटण दाबून तुम्ही तेच करताय.

हे रोज बटण दाबणं थांबवा, असं मी कळकळीने सांगतो. डिस्कवर लिहिणं अर्धवट असताना वीज तुटली की फाइल बिघडते. लग्नसराईत अर्धी झालेली पत्रिका किंवा गणपती मंडळाचा अहवाल सकाळी उघडलाच नाही, तर पुन्हा टाइप करायला तुम्हालाच बसावं लागतं. दोष सापडेपर्यंत काम संपल्यावर सगळ्या फाइल सेव्ह करून बंद करा, शटडाऊन द्या, समोरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि मगच बटण दाबा. कधीकधी त्या काळ्या स्क्रीनमागे अपडेटच चालू असतो.

पावसाळ्याचा संबंध तुम्ही बरोबर ओळखलाय, फक्त तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट विजेची. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की झाड पडतं, लाईट जाते, येते, पुन्हा जाते. यूपीएसची बॅटरी थकलेली असेल तर मशीन चालू कामातच बंद पडतं, विंडोजच्या फाइल बिघडतात, आणि शटडाऊन अडकायला लागतं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टीम फाइल चेकर (sfc /scannow) आणि चेक डिस्क (chkdsk) एकदा चालवा. यूपीएसची बॅटरी तपासून घ्या. मी कुणालाही आधी बॅटरी बदलायला सांगतो, मग बाकीचं.

दुसरी वाट दमटपणाची. मी डबा उघडतो तेव्हा धुळीवरून मशीन कुठल्या भागातलं ते बहुतेक कळतं. शहापूर-वडगावच्या मागांच्या घरातलं असेल तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताचा थर गादीसारखा बसलेला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतलं असेल तर तपकिरी, चिकट, ब्रशने न सुटणारी धूळ. खानापूरकडची तांबडी, मातीची, आणि पावसाळ्यात ती ओल धरते. कोरडी धूळ नुसती उष्णता अडवते, पण ओली धूळ वीज वाहू देते, आणि बोर्डावर दोन पिनांमधलं अंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं असतं. पालीची लेंडी तर त्याहून वाईट, तिने तांब्याच्या रेषा खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत.

त्यामुळे साफसफाई कराच, विंडोजचा दोष सापडला तरी करा. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. चिकट डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने पुसा आणि काही तास उघडं वाळू द्या. ओलं फडकं नको. समोरच्या पॉवर बटणाच्या दोन बारीक वायरी बोर्डाच्या ज्या पिनांवर बसतात तिथे हिरवट गंज आहे का बघा. हे बटण दमटपणाने चिकटलं की मशीन बंद होऊन लगेच पुन्हा चालू होतं. तुमच्या तक्रारीत पंखा मध्ये क्षणभरही थांबत नाही ना, हे एकदा कान देऊन ऐका. थांबून परत फिरत असेल तर प्रश्न ‘बंद होत नाही’ हा नसून ‘पुन्हा चालू होतो’ हा आहे. त्याला कारण हे बटण, नाहीतर बायोसमधला वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय. वेक ऑन लॅन बंद करून टाका, दुकानात त्याचा उपयोग नाही. डबा सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका, फळीवर घ्या. आणि पावसाळ्यात दुकान बंद असलं तरी मशीन एक-दोन दिवसांआड तासभर चालू ठेवा.

बायोसच्या बाबतीत बरेच जण ‘ईआरपी’ चालू करायला सांगतात. त्याने बंद मशीनचा स्टँडबाय वापर कमी होतो, माउस-कीबोर्डचे दिवे विझतात. १२ व्होल्टवर फिरणारा पंखा त्याने थांबत नाही. तारीख-वेळ रोज चुकत असेल तर मात्र बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल बदला, तो संपला की बायोसची सेटिंग भलतीच होऊन बसतात. सेल ३ व्होल्टचा असतो, स्वस्तात मिळतो. बायोस अपडेट अगदी शेवटी, आणि तोही यूपीएस भरवशाचा असेल तरच. मध्येच लाईट गेली तर चांगला बोर्ड खरोखर जाईल.

आता ज्यांचा पंखा बटण दाबून धरूनही थांबत नाही त्यांच्यासाठी. आधी नुसता एसएमपीएसचा पंखा फिरतोय का ते बघा. काही चांगल्या एसएमपीएसमध्ये बंद केल्यावर आतली उष्णता जाईपर्यंत पंखा मिनिटभर फिरवायची सोय मुद्दाम केलेली असते. शेजारच्या यूपीएसचाच पंखा घरघरतोय आणि नाव कॉम्प्युटरवर येतंय, असंही होतं. हे दोन्ही नसेल तर मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई कुठल्याही काळ्या वायरीच्या पिनेला, तांबडी सुई २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने हिरव्या वायरीला टेकवा. मशीन बंद असायला हवं पण पंखा फिरतोय, अशा वेळी मोजा. आकडा ०.८ च्या खाली, शून्याजवळ आला तर बोर्ड वायर सोडत नाही, दोष बोर्डात. आकडा २ च्या वर, साधारण ३ ते ५ च्या मध्ये आला आणि तरी पंखे फिरताहेत, तर बोर्डाने सोडलंय, एसएमपीएस ऐकत नाही. मग एसएमपीएस बदला, बोर्डाला हात लावू नका. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये कनेक्टर वेगळे असतात, तिथे हे रंग आणि नंबर लागू होतीलच असं नाही. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

लॅपटॉपवाल्यांनी थोडं वेगळं बघायचं. झाकण मिटवणं म्हणजे शटडाऊन नव्हे. नव्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावरही मशीन अर्धवट जागं राहतं आणि बॅगेत तापतं. बेळगाव-कोल्हापूर एसटीत बॅग मांडीवर घेऊन बसल्यावर ती गरम लागली तर हेच कारण. प्रवासाला निघताना शिफ्ट धरून शटडाऊन करा आणि पंखा थांबल्यावरच बॅगेत घाला. पंखा अडूनच बसला असेल तर अडॅप्टर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आतला कंट्रोलर नव्याने सुरू होतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा: बायोसमधून बंद करून बघणं, शिफ्ट धरून शटडाऊन, यूएसबी काढून शटडाऊन, आणि रविवारी दुकान बंद असताना साफसफाई. बोर्डाचं नाव आणि मॉडेल, बायोसमधून पंखा थांबला की नाही, आणि कुठलं यूएसबी काढल्यावर फरक पडला, एवढं लिहून कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल. बोर्ड बदला म्हणणाऱ्यांनी हिरव्या वायरीवर किती व्होल्ट मोजले, तेही त्यांना विचारा.